बदली नसलेल्या माणसाची चार्ज यादी

सबंध नोकरीत मी शेकड्यानं चार्ज याद्या पाहिल्या. बदली झालेला माणूस जाताना आपल्या टेबलाचा ताबा दुसऱ्याला देतो, तेव्हा ही यादी करायची असते. रजिस्टरं किती, चालू प्रकरणं किती, कपाटं किती, किल्ल्या किती. खाली एका बाजूला देणाऱ्याची सही, दुसऱ्या बाजूला घेणाऱ्याची. बदलीचा हुकूम हातात पडल्याशिवाय या यादीला कुणी हात लावत नाही. पडल्यावरही लावत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी चारला आठवण होते, मग दोन कार्बन घालून "जसे आहे तसे" असं लिहायचं आणि एसटी पकडायची, हीच रीत. म्हणून हुकमाआधीच कुणी यादी करून ठेवली, तर आमच्याकडं त्याचा अर्थ एकच निघायचा: गड्यानं वर वशिला लावलाय.

मी तेव्हा औरंगाबादच्या एका महसुली कचेरीत अव्वल कारकून होतो. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. अव्वल कारकून म्हणजे कारकुनांच्या वर आणि साहेबांच्या खाली, दोन्हीकडची बोलणी खायला नेमलेला माणूस. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. शिपाई माझी चाल ऐकून ठरवायचे, आज कोणत्या बाजूनं आत शिरावं.

आमच्या रेकॉर्ड रूमला एक गृहस्थ होते. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणायचे. माणूस मराठीच, घरी शेती, देव्हारा, एकादशी सगळं. पण शाळा निजामाच्या अमदानीत उर्दूतून सुरू झालेली. पोलीस ॲक्शननंतर शाळेची भाषा बदलली, यांची उर्दू मात्र तशीच राहिली. रेकॉर्ड रूममध्ये त्या काळचे जमिनीचे कागद गठ्ठ्यांनी पडलेले. वैजापूर-गंगापूरपासून पाचोडपर्यंतची माणसं नकला मागायला यायची, आणि ते कागद वाचणारा सबंध कचेरीत हा एकच माणूस. नव्यानं लागलेल्या पोरांना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मुन्शीजींना त्याचा थोडा तोराही होता. साहेबांनी बोलावलं तरी आधी पान जमवायचे, मग चष्मा पुसायचे आणि मग उठायचे. "कागद पळून जातोय व्हय?" असं म्हणायचे. मला ते आवडायचे. ते मला अव्वलसाहेब म्हणायचे, चिडवल्यासारखं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी उर्दू गठ्ठ्यांना मराठी चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. गाव, साल, आत काय आहे ते, सगळं टपोऱ्या अक्षरात. शेजारी वाटीत खळ. एका गठ्ठ्याला पंधरा-वीस मिनिटं लागायची आणि गठ्ठे शेकड्यानं. एप्रिलभर त्यांचं तेच चाललं होतं. चहाला आमच्या टेबलाशी येणं बंद झालं. डबा शिपायाला देऊन टाकायचे. शर्ट अंगात लोंबायला लागला. त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण यांनी हट्ट धरून मुलीला इकडं आणू दिलं नाही आणि बायकोलाच परभणीला तिच्या सासरी धाडलं.

आता हे सगळं ओळीनं लिहिताना आंधळ्यालाही दिसावं. तेव्हा मात्र आमच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं. वाळलेत, कारण उन्हाळा. जेवत नाहीत, कारण बायको गावाला. चिठ्ठ्या लावतात, कारण निवृत्ती सात-आठ वर्षांवर आली, जाण आली असेल.

मग मे लागला, म्हणजे बदल्यांचा हंगाम. एका बुधवारी शिपायानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मुन्शीजींनी चार्ज यादी केलीया. तीन परतीत. म्या बघितली." माझ्या डोक्यात एकदम ऊन शिरलं.

त्याचं कारण सांगायला हवं. माझे वडील पाचोडच्या पलीकडं गावी एकटे राहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, हट्ट असा की शहरात यायचं नाही. दर रविवारी मी जायचो, त्यांचं पीठ-मीठ बघायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. तिथून गाव जवळ, म्हणून पैठणला बदली व्हावी यासाठी दोन वर्षं अर्ज करत होतो. त्या साली पैठणला अव्वल कारकुनाची एकच जागा रिकामी होती. ज्येष्ठतेत मुन्शीजी माझ्या वर होते. रेकॉर्ड रूम सोडवत नाही म्हणून त्यांनी दोनदा पदोन्नती नाकारली होती, आणि त्यांची सासुरवाडी पैठणची. या खेपेला पदोन्नती घेऊन ते पैठण उचलणार, असं मी दोनात दोन मिळवून मोकळा झालो. म्हणूनच बायकोला आधी हलवलं, म्हणूनच चिठ्ठ्या, म्हणूनच गुपचूप यादी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. माझ्या मनात बदली होती, मला दुसऱ्याच्या टेबलावर बदलीच दिसली.

मी तसाच उठून रेकॉर्ड रूममध्ये गेलो. ते खाली सतरंजीवर बसून चिठ्ठी चिकटवत होते.

"झाली का तयारी?" मी म्हणालो.

"व्हत आली."

"आम्हाला कळवायचं तरी."

"काय कळवायचं, अव्वलसाहेब. ज्याचं त्यानं बघायचं असतं."

हे मला उर्मटपणाचं वाटलं. मी म्हणालो, "जा खुशाल. तुमच्यावाचून इथं काही अडत नाही."

त्यांनी वर बघितलं. चेहरा शांत होता, कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच इतका शांत. "तेच तर करून ठिवलंय," ते म्हणाले. "अडायला नाय पायजे कुणाचं."

मी पाय आपटत परत आलो आणि आपण कसं तोंडावर सुनावलं, याचं मला दिवसभर समाधान वाटलं. तुमच्यावाचून अडत नाही, हे माझं वाक्य मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी आस्थापना शाखेत बदल्यांची यादी आली. मी धावत जाऊन बघितली. पैठण जालन्याच्या कुणाला तरी गेलं होतं. माझं नाव नव्हतं. मुन्शीजींचंही नव्हतं. तिथल्या कारकुनाला मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, "त्यांचा तर अर्जच नव्हता हो." मला चक्क बरं वाटलं. आपल्याला नाही तर नाही, त्यांनाही नाही. मनुष्य इतका हलका असतो, निदान मी आहे.

परत येऊन मी आमच्या टायपिस्ट बाईंना ही गंमत सांगितली. बाई पस्तिशीच्या, गुलमंडीच्या बाजूला राहणाऱ्या, कामापुरतं बोलणाऱ्या. मी म्हणालो, "हुकूम नाही, अर्ज नाही, आणि मुन्शीजी चार्ज यादी करून बसलेत. म्हणजे कमालच."

बाईंचे हात थांबले. "अर्जच नाही?"

"नाही."

"मग ते कुठं निघालेत?"

बाईंनी ड्रॉवर उघडून एक वही बाहेर काढली. मी ती ओळखली. तीस वर्षांत मुन्शीजींनी उर्दू कागदांतल्या अडलेल्या शब्दांचे अर्थ त्या वहीत लिहिले होते. ती वही ते कुणाला उघडूसुद्धा द्यायचे नाहीत. एकदा साहेबांनी मागितली तेव्हा घरी राहिली म्हणून सांगितलं होतं, आणि ती त्यांच्या मांडीखाली होती.

"आज सकाळी मला दिली," बाई म्हणाल्या. "म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही शिकाल. मी खूश झाले, साहेब. मूर्खासारखी खूश झाले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या भावानं असंच केलं होतं. सगळी कामं उरकली, सगळ्यांची पुस्तकं परत केली. शेवटच्या आठवड्यात इतका शांत दिसायचा की आई म्हणाली, पोरगं निवळलं. आम्ही कुणी विचारलं नाही."

"काय विचारायचं?"

"जीव द्यायचं मनात आहे का, हे."

"असं कुणी विचारतं का? नसलेलं मनात यायचं."

"सगळे हेच म्हणतात. नंतर एका डॉक्टरांनी मला सांगितलं, विचारल्यानं येत नाही. आलेलं असतं, ते विचारल्यावर बाहेर पडतं. साहेब, ते आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलेत. घरी कुणी नाही."

मी म्हणालो, तुम्ही चला. त्या म्हणाल्या, दोघं गेलो तर ते चहा करतील आणि बोलणार नाहीत. "तुम्ही जा. मी मोठ्या साहेबांना सांगते आणि परभणीला फोन लावते, जावई आपल्याच खात्यात आहे. आणि साहेब, तिथं व्याख्यान देऊ नका. ऐका फक्त. तुम्हाला जड जाईल."

मी सायकल काढली. दुपारचे दोन वाजले असतील. मुन्शीजींचं घर हर्सूलच्या रस्त्याला होतं, कचेरीपासून अर्ध्या तासाचं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर वितळून टायरला चिकटत होतं. आधी मी जीव खाऊन पायडल मारलं. मग हळू झालो. वाटेत एका लिंबाखाली चक्क थांबलो. मला परत फिरायचं होतं, आणि हे मी लपवणार नाही. समजा दुपारचे झोपले असतील. समजा बाईंचा भाऊ गेला म्हणून त्यांना सगळीकडं तेच दिसत असेल. समजा मी विचारलं आणि मुन्शीजींनी ते कचेरीभर सांगितलं, तर हसं कुणाचं होईल? आणि सगळ्यात खाली आमच्या आजीपासून अंगात मुरलेली भीती. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. आमच्या घरी तांदूळ संपले असंही कुणी म्हणत नसे, वाढले म्हणायचे. दुसऱ्याच्या घरात बसून मरणाचं नाव कसं घ्यायचं? मी त्या लिंबाखाली किती वेळ होतो कुणास ठाऊक. पाच मिनिटं असतील. तेवढ्या पाच मिनिटांत काही झालं असतं, तर पुढं मी काय केलं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

दार बंद होतं. कडी वाजवली. काही नाही. पुन्हा वाजवली. मी हाका मारायला लागलो तेव्हा आतून पावलांचा आवाज आला, सावकाश येणारा. दार उघडलं.

"तुम्ही?" मुन्शीजी म्हणाले.

"पाणी द्या जरा."

ते दुपारच्या वेळी अंघोळ केल्यासारखे दिसत होते. स्वच्छ पांढरे कपडे, केस विंचरलेले. घर झाडून लख्ख. स्वयंपाकघरात सगळी भांडी धुऊन पालथी घातलेली, एकही सुलटं नाही. त्यांनी त्यातलाच एक तांब्या सुलटा करून मला पाणी दिलं.

मी बसलो आणि बोलायला लागलो. काय बोललो देव जाणे. पैठणच्या जागेबद्दल बोललो, उन्हाबद्दल, वडिलांच्या मोतीबिंदूबद्दल, दौलताबादच्या बाजूला अंजिरं कशी आलीत त्याबद्दल. ते "व्हय", "नाय" एवढंच म्हणत होते, आणि मधूनच त्यांची नजर दाराकडं जायची. शेवटी म्हणाले, "ऊन उतरंल आता. निघता का?"

मी उठलो. खरंच उठलो. चपलेत एक पाय घातला. त्यांनी दार लावायला हात पुढं केला, तेवढ्यात मला ती पालथी भांडी आठवली, आणि मी चप्पल काढून पुन्हा आत येऊन खाली बसलो.

"मुन्शीजी, तुम्ही जीव द्यायचं ठरवलंय का?"

माझा आवाज फाईल उशिरा आणणाऱ्या कारकुनाला झापावं तसा निघाला. वास्तू काही बोलली नाही. छत जागेवर होतं. मुन्शीजी दारात उभे होते. दचकले नाहीत, रागावले नाहीत. माझ्यासमोर येऊन भिंतीला टेकून बसले.

"व्हय," ते म्हणाले. "बघत व्हतो तुम्ही कधी जाता."

मी हादरलो, आणि हादरलेला माणूस करतो तेच केलं. बाईंनी बजावलेलं सगळं विसरून व्याख्यान सुरू केलं. अहो, बायकोचा विचार करा. पोरीचे दिवस भरत आलेत, नातवंडाचं तोंड बघायचं नाही का. तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसानं असं करायचं? लोक काय म्हणतील? बोलता बोलता मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. जे दार एवढंसं उघडलं होतं ते मिटत चाललं होतं. "बराबर हाय तुमचं," ते म्हणाले, आणि हा तो आवाज होता जो ते मोठ्या साहेबांशी बोलताना काढायचे. हो म्हणायचं आणि आपल्याला करायचं तेच करायचं, असा आवाज. हा माणूस माझ्या हातातून चालला होता आणि त्याला ढकलणारा मीच होतो.

मी गप्प बसलो. माझ्यासाठी त्याहून अवघड काम नाही. पंखा कुरकुरत होता. मग जे मनात सगळ्यात वर होतं तेच बाहेर आलं.

"मला वाटलं, तुम्ही पैठण मारलं," मी म्हणालो. "मी जळलो तुमच्यावर. दोन दिवस तुम्हाला शिव्या देतोय मनात. बुधवारी तुम्हाला बोललो ते जळून बोललो. माझी लाज वाटते मला."

त्यांनी मान वर केली. "पैठण?"

"हो."

"म्या वर निघालो, अन् तुम्ही मला पैठणला धाडत व्हता?" त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं हसतायत. पण तोंडावर हात दाबून ते रडत होते, लहान लेकरासारखे खांदे उडवत. मी त्यांना रडू दिलं. मलाही रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मग ते बोलायला लागले, तुकड्यातुकड्यानं. दिवाळीपासून असं होतंय म्हणाले. पहाटे तीनला डोळे उघडतात ते मिटत नाहीत. तोंडाला चव नाही, कशातच मन नाही, अंगावर ओलं घोंगडं घातल्यावानी सगळं जड. "कारण इचारू नका. कारण असतं तर फाईल केली असती." आणि मग सगळ्यात खोल लपवलेलं त्यांनी सांगितलं. त्यांना वाचता येईनासं झालं होतं. "डोळं बराबर हायत. अक्षर दिसतंय. पण मतलब लागत नाय. वळीच्या शेवटी आलो की सुरवात गायब. पाचोडच्या एका म्हाताऱ्याची नक्कल तीनदा लिव्हली, तीनदा चुकली. अव्वलसाहेब, माझ्या चुकीनं कुणाची जमीन गेली तर? एवढं एकच तर येत व्हतं मला. तेबी गेलं. मग म्हणलं, जेवढं वाचता येतंय तेवढ्यात चिठ्ठ्या लावून टाकू. कुणाचं अडायला नको. आपण आता फुकटचं."

चिठ्ठ्यांची ती टपोरी अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर आली. आम्ही त्याला जाण म्हणत होतो.

मी त्यांना समजावलं नाही. तुमची गरज आहे वगैरे बोललो असतो तर बुधवारच्या माझ्या वाक्यानं मलाच खोटं पाडलं असतं. मी फक्त विचारलं, "घरात काही आणून ठेवलंय?" त्यांनी कपाटाकडं बोट केलं. मी म्हणालो, मला द्या. मी हात पुढं धरून बसलो. शेवटी ते उठले आणि माझ्या हातात दिलं. काय होतं ते मी कुठं बोललो नाही, इथंही सांगणार नाही. माझ्या पिशवीच्या तळाशी टाकलं आणि पिशवी गळ्यातून काढली नाही.

"आता डॉक्टरकडं जाऊ," मी म्हणालो.

"येड्याच्या?"

"हो. मी पण दाखवून घेतो. मला चिडायचा रोग आहे, सगळ्या कचेरीला ठाऊक आहे."

"त्याला औषध नाय," मुन्शीजी म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा चिडवलं. पण लगेच ते पुन्हा भिंतीला टेकले आणि म्हणाले, आज नको, सोमवारी जाऊ. मी म्हणालो, सोमवारी पण जाऊ, आज पण जाऊ. तासभर आमची ही घासाघीस चालली. ते दोनदा हो म्हणाले आणि दोनदा फिरले. एकदा म्हणाले, मागं जाऊन येतो. मी म्हणालो, मी पण येतो. मी संडासच्या दाराबाहेर उभा राहून मोठ्यानं बोलत राहिलो आणि ते आतून चिडून म्हणाले, "हाय मी, हाय."

मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचायला साडेपाच झाले. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं ताप आहे का, भूक लागते का, झोप येते का असं विचारता विचारता त्याच सुरात विचारलं, "जीव संपवायचे विचार येतात का?" सायकलवर अर्धा तास, लिंबाखाली पाच मिनिटं आणि घरात तासभर ज्या वाक्यापाशी मी अडलो होतो, ते तिनं खोकल्याइतकं सहज विचारलं. मुन्शीजींनीही तसंच उत्तर दिलं. तिनं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा आजार आहे, वाचता न येणं हा त्याच आजाराचा भाग आहे आणि उपचारानं ते परत येतं. गोळ्या दिल्या, सोमवारी पुन्हा बोलावलं. एक मिनिटही एकटं सोडायचं नाही आणि गोळ्या घरच्यांनी सांभाळायच्या, हे मला दोनदा बजावलं.

"परत येतंय म्हणाले व्हय?" बाहेर आल्यावर मुन्शीजींनी विचारलं. हो म्हणालो. रिक्षात त्यांनी अजून दोनदा विचारलं.

परत आलं. पण दोन-चार दिवसांत नाही. ऑगस्ट उजाडला. मधे गोळ्या बदलाव्या लागल्या, एकदा त्यांनी बंद केल्या आणि पुन्हा घसरले. निवृत्तीनंतर आणखी एकदा तसं झालं. तेव्हा मी गावी होतो, त्यांनी स्वतः टायपिस्ट बाईंच्या घरी जाऊन सांगितलं, "तसंच व्हतंय." ते म्हातारे होऊन, नातवाचं लग्न बघून, साध्या छातीच्या दुखण्यानं गेले. मला पुढच्या साली पैठण मिळालं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी पोचल्या पोचल्या मी कचेरीत फोन केला होता, आणि बाई दवाखान्यात येऊन सांगून गेल्या होत्या की वहिनी, म्हणजे मुन्शीजींच्या मंडळी, दुपारीच परभणीहून निघाल्यात. मुलीला सासूच्या हवाली करून, एकट्या. म्हणून आम्ही तिथून थेट एसटी स्टँडवर गेलो. आठच्या सुमाराला गाडी लागली. वहिनी उतरल्या, हातात एक पिशवी, पदर घट्ट खोचलेला. पाच तास उभ्यानं आल्या असाव्यात. आधी त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मला विचारलं, "काय झालं?"

मी तोंड उघडलं. दिवसभर सरळ बोलायचा धडा गिरवूनही माझ्या तोंडात नेहमीचंच आलं. "काही नाही वहिनी, जरा अशक्तपणा..."

"मी मरायला निघालो व्हतो," मुन्शीजी म्हणाले.

फलाटावर माणसांची गर्दी होती, कंडक्टर जालना, जालना ओरडत होता. वहिनींनी पिशवी खाली ठेवली. त्या रडल्या नाहीत.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या, बघत होत्या त्यांच्याकडं. "दोन महिने म्हाईत व्हतं. म्हणून जात नव्हते. गाडीत बसतानाबी म्हाईत व्हतं. पर इचारलं नाय. इचारलं अन् व्हय म्हणाले, तर मी काय करणार व्हते? मला काय येतंय?"

मुन्शीजींनी त्यांची पिशवी उचलून घेतली.

"काय नाय," ते म्हणाले. "बसायचं व्हतं जवळ."

वहिनी तिथंच मागच्या बाकड्यावर बसल्या. त्यांचं मनगट धरून त्यांनाही शेजारी बसवलं. मी म्हणालो, चला, रिक्षा बघतो, घरी जाऊन बसा. त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, भाऊजी. आम्ही बसतो जरा."